चिनी कर्जाचा प्रकल्प कसा तपासावा: हंबनटोटा, पोखरा, मोम्बासा

‘श्रीलंकेला कर्ज फेडता आलं नाही, म्हणून चीनने हंबनटोटा बंदर जप्त केलं’ हे वाक्य व्हॉट्सअ‍ॅपपासून एमपीएससीच्या नोट्सपर्यंत सगळीकडे फिरत असतं. त्यात तीन दावे आहेत: बंदराचं कर्ज थकलं होतं, बंदर गहाण होतं आणि थकबाकीपोटी ते चीनने उचललं. तिन्ही चूक आहेत. तरीही बंदर २०१७ मध्ये खरोखरच ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने चिनी कंपनीकडे गेलं आणि हा सगळा उद्योग श्रीलंकेला महागात पडला. ‘कर्जाचा सापळा’ हा शब्द एकदा चिकटवला की या दोन गोष्टी एकत्र कशा खऱ्या असू शकतात, हे शोधायचं राहूनच जातं.

आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिका किंवा बाल्कन देशांतल्या कोणत्याही चिनी प्रकल्पाची बातमी आली, तर ती कोणत्या क्रमाने सोलायची, ते खाली मांडलं आहे. अभ्यासासाठी वाचत असाल, वर्तमानपत्रात लिहीत असाल किंवा मुलगा नैरोबीत नोकरीला असेल, तरी क्रम हाच. कागदपत्रं बरीचशी इंटरनेटवर फुकट मिळतात. वेळ मात्र द्यावा लागतो.

पायरी १: आकडा कुठल्या जातीचा आहे ते बघा

बातमीत ‘चीनची ४६ अब्ज डॉलरची गुंतवणूक’ असं छापून येतं. २०१५ मध्ये चीन-पाकिस्तान आर्थिक मार्गिकेबद्दल हाच आकडा आला होता, पुढे तो ६२ अब्जांवर गेला. असा आकडा म्हणजे बहुतेक वेळा इच्छांची बेरीज असते. सामंजस्य करार, कर्जकरार, प्रत्यक्ष उचललेली रक्कम आणि कंपनीने स्वतःच्या खिशातून घातलेलं भांडवल या चार वेगळ्या गोष्टी आहेत. सामंजस्य करारावर सही झाली म्हणजे कुणी कुणाला एक पैसाही देणं लागत नाही. कर्ज घेतलं तर सरकार देणेकरी होतं. भांडवल घातलं असेल तर बुडण्याची जोखीम चिनी कंपनीचीही असते. म्हणून वहीत पहिली नोंद हीच करा: कर्ज, भांडवल की नुसतं ठेकेदारीचं काम?

‘बेल्ट अँड रोड’, म्हणजे देशोदेशी रस्ते, रेल्वे, बंदरं बांधण्याची चीनची योजना. या शिक्क्यालाही फार किंमत देऊ नका. शी जिनपिंग यांनी २०१३ मध्ये आधी कझाकस्तानात आणि मग जकार्तात ही योजना जाहीर केली. नंतर जुने प्रकल्पही तिच्या खात्यात टाकले गेले. पोखऱ्याच्या विमानतळाचा कर्जकरार मार्च २०१६ चा, नेपाळ बेल्ट अँड रोडमध्ये आला मे २०१७ मध्ये; तरी उद्घाटनाच्या वेळी चिनी दूतावासाने तो याच योजनेतला प्रकल्प म्हणून सांगितला आणि काठमांडूत कुरबूर झाली. हंबनटोटाचं पहिलं कर्ज तर २००७ चं, म्हणजे योजनेच्या सहा वर्षं आधीचं.

पायरी २: सावकार कोण?

‘चीन’ कर्ज देत नाही, एखादी बँक देते. मुख्य दोन: चायना एक्झिम बँक आणि चायना डेव्हलपमेंट बँक. दोन्ही १९९४ मध्ये स्थापन झालेल्या, दोन्ही सरकारी, पण स्वभाव वेगळे. एक्झिम सवलतीच्या दराचीही कर्जं देते आणि बाजारभावाचीही. डेव्हलपमेंट बँक बहुतेक वेळा बाजारभावानेच देते. त्यांच्या मागे आयसीबीसीसारख्या व्यापारी बँका असतात.

बीजिंगमधली एआयआयबी (एशियन इन्फ्रास्ट्रक्चर इन्व्हेस्टमेंट बँक) आणि शांघायमधली न्यू डेव्हलपमेंट बँक यांना मात्र या रांगेत बसवू नका. त्या अनेक देशांच्या मालकीच्या, बहुपक्षीय बँका आहेत. एआयआयबीत चीननंतरचा सर्वांत मोठा भागधारक भारत आहे. मुंबईच्या उपनगरी रेल्वेच्या एमयूटीपी-३ या विस्तार प्रकल्पासाठी २०१९ मध्ये एआयआयबीने ५० कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. पनवेल-कर्जत मार्ग आणि विरार-डहाणू चौपदरीकरण हे त्यातलंच काम. यावरून कुणी ‘मुंबईची लोकल चीनकडे गहाण’ असं म्हणालं तर हसून सोडून द्या.

पायरी ३: दर, सूट, मुदत, चलन

इथे घाई करू नका. आधी हंबनटोटाचाच हिशेब करू.

बंदराच्या पहिल्या टप्प्याचा खर्च ३६.१ कोटी डॉलर. त्यातले सुमारे ८५ टक्के, म्हणजे ३०.७ कोटी, एक्झिम बँकेने २००७ मध्ये दिले. व्याज ६.३ टक्के, स्थिर. मुदत १५ वर्षं, पहिली ४ वर्षं मुद्दलाला सूट. आता कागद घ्या. पूर्ण कर्जावर वर्षाचं व्याज झालं १.९३ कोटी डॉलर. सूट संपल्यावर ११ वर्षांत मुद्दल फेडायचं तर वर्षाला २.७९ कोटी. म्हणजे मुद्दलफेडीच्या पहिल्या वर्षी ढोबळमानाने ४.७ कोटी डॉलर, तेही अशा बंदरातून, जिथे २०१२ मध्ये वर्षभरात ३४ जहाजं आली.

६.३ टक्के हा दर आज अव्वाच्या सव्वा वाटतो. पण २००७ मध्ये लंडनचा आंतरबँक दर, म्हणजे लायबॉरच, ५ टक्क्यांच्या वर होता. त्याच वर्षी श्रीलंकेने पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय बाजारात ५० कोटी डॉलरचे रोखे विकले ते ८.२५ टक्क्यांनी. त्या घडीला ६.३ चा स्थिर दर घेणारा अधिकारी मूर्ख नव्हता. तरत्या दराचा पर्यायही होता. घरकर्ज घेताना फिक्स्ड की फ्लोटिंग असा जो प्रश्न आपल्याला पडतो, तोच कोलंबोला पडला. २००८ च्या मंदीनंतर लायबॉर कोसळला आणि स्थिर दर गळ्यात अडकला. दुसऱ्या टप्प्याचं कर्ज २०१२ मध्ये २ टक्क्यांनी मिळालं. म्हणजे एकाच बंदराला एकाच बँकेचे दोन दर. ‘चिनी कर्ज महाग असतं’ किंवा ‘स्वस्त असतं’ अशी सरसकट विधानं इथेच गळून पडतात.

आता शेजारी पोखरा ठेवा. २१.६ कोटी डॉलरच्या कर्जापैकी चौथा हिस्सा बिनव्याजी, उरलेल्यावर २ टक्के. वर्षाचं व्याज निघतं ३२ लाख डॉलरच्या आसपास. दर तर छान. पण १ जानेवारी २०२३ ला सुरू झालेल्या या ‘आंतरराष्ट्रीय’ विमानतळावर नियमित परदेशी विमानं नावालाच आली. मुक्तिनाथला जाणारे आपले यात्रेकरू पोखऱ्याला उतरतात ते बहुतेक काठमांडूहून येणाऱ्या देशी विमानातून किंवा बसमधून. उत्पन्नच नसेल तर २ टक्केही जड जातात. २०२४ मध्ये नेपाळने चीनला हे कर्ज अनुदानात बदलून देण्याची विनंती केली.

तुलनेला आपल्या घरचं उदाहरण हवं असेल तर मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन: जपानच्या जायका या सरकारी मदतसंस्थेचं कर्ज, ०.१ टक्का व्याज, ५० वर्षं मुदत, १५ वर्षं सूट. या दराच्या जवळपासही एक्झिम बँक जात नाही. मग देश तिच्याकडे का जातात? कारण जपान किंवा जागतिक बँक अनेक देशांना त्या कामासाठी पैसे देतच नाही, किंवा अभ्यास अहवालांत वर्षं घालवते. निवडणूक मात्र पाच वर्षांनी येते. हे कारण अर्थशास्त्राच्या पुस्तकात कमी आणि मंत्रालयात जास्त चालतं.

चलनाचा रकाना रिकामा ठेवू नका. युरो वापरणाऱ्या माँटेनेग्रोने २०१४ मध्ये ४१ किलोमीटरच्या महामार्गासाठी एक्झिम बँकेकडून ९४.४ कोटी डॉलर घेतले. सहा लाखांच्या आसपास वस्तीचा देश, कमाई युरोत आणि देणं डॉलरमध्ये. डॉलर वधारला की व्याजदर न वाढताही कर्ज फुगतं. अखेर २०२१ मध्ये त्यांनी पाश्चात्त्य बँकांशी डॉलर-युरो अदलाबदलीचे करार करून ही जोखीम झाकली.

पायरी ४: पैसा फिरून कुठे जातो

एक्झिमच्या सवलतीच्या कर्जात ठेकेदार चिनी असतो आणि किमान निम्मा माल-सेवा चीनमधून घ्यावी लागते. बऱ्याचदा बँक रक्कम थेट ठेकेदाराच्या खात्यात भरते; पैसा बीजिंगमधून निघतो आणि बीजिंगमध्येच पोचतो, देणं मात्र कर्जदार देशाच्या नावावर राहतं. हंबनटोटाचा ठेकेदार चायना हार्बर. अशा अटींचं बांधील कर्ज ही चीनचीच खोड आहे असं नाही, बुलेट ट्रेनचं तंत्रज्ञानही जपानीच आहे. खरा प्रश्न असतो खुल्या निविदेचा. स्पर्धाच नसेल तर किंमत कोणी ठरवली?

मलेशियाचं उदाहरण इथे बोलकं आहे. पूर्व किनाऱ्याच्या रेल्वेचा खर्च आधी ६५.५ अब्ज रिंगिट ठरला होता. २०१८ मध्ये सत्तेत आलेल्या महाथिर मोहमद यांनी काम थांबवलं, वाटाघाटी केल्या आणि एप्रिल २०१९ मध्ये तोच प्रकल्प ४४ अब्जांवर आणला. मार्ग थोडा बदलला हे खरं, पण एवढी रक्कम केवळ मार्ग बदलल्याने उतरत नाही. चिनी ठेकेदाराशी घासाघीस होऊ शकते, ही माहिती छोट्या देशांच्या अर्थमंत्र्यांना फार उशिरा कळली. केनियात तर २०२० मध्ये अपील न्यायालयानेच ठरवलं की मोम्बासा-नैरोबी रेल्वेचं कंत्राट देताना देशाचा खरेदी कायदा पाळला गेला नव्हता. तोवर गाडी तीन वर्षं धावत होती.

बांधकामाचा दर्जाही इथेच नोंदवा. इक्वेडोरचं १,५०० मेगावॉटचं कोका कोदो सिंक्लेअर जलविद्युत केंद्र २०१६ मध्ये सुरू झालं आणि त्याच्या यंत्रसामग्रीच्या पोलादात हजारो तडे सापडले. कर्जाचे हप्ते तड्यांसाठी थांबत नाहीत.

पायरी ५: करारातली बारीक अक्षरं

करार मिळाला तर पुढची कलमं शोधा: गोपनीयता, एस्क्रो (राखीव) खातं, लवादाचं ठिकाण, सार्वभौम संरक्षण (देश म्हणून खटल्यापासून मिळणारं संरक्षण) सोडल्याचं कलम, आणि ‘दुसरीकडे थकवलंत तर आमचंही कर्ज लगेच परत मागू’ असं सांगणारं कलम. संशोधकांनी २०२१ मध्ये २४ देशांशी झालेले १०० चिनी करार तपासले, तेव्हा गोपनीयतेचं कलम वारंवार आढळलं आणि पॅरिस क्लब या सावकार देशांच्या गटाच्या सामूहिक फेररचनेपासून आपलं कर्ज बाहेर ठेवण्याची अटही.

एस्क्रो समजून घेणं सर्वांत महत्त्वाचं, कारण जप्तीच्या अफवा इथूनच उगवतात. २०२१ मध्ये बातमी पसरली की युगांडाचा एंटेबे विमानतळ चीन ताब्यात घेणार. करार हाती आला तेव्हा दिसलं की विमानतळ गहाण नव्हताच. विमानतळाच्या उत्पन्नातून एका राखीव खात्यात ठरावीक रक्कम कायम ठेवायची, असं बंधन होतं. सिमेंटची धावपट्टी जप्त करून बँक करणार काय? तिला रोकड हवी असते. अंगोलाच्या बाबतीत तेलाच्या विक्रीचे पैसे अशाच खात्यात जमा होत. ही अट जप्तीइतकी सनसनाटी नाही, पण देशाच्या तिजोरीला जास्त चावते: शाळा-दवाखान्यांच्या आधी ते खातं भरावं लागतं.

केनियाने नोव्हेंबर २०२२ मध्ये रेल्वेच्या कर्जकरारांचे काही भाग जाहीर केले. लवाद बीजिंगमध्ये, अशी अट त्यात होती. असे कागद शोधायचे तर त्या देशाच्या संसदेची कामकाज-पत्रं, महालेखापालाचे अहवाल आणि अर्थ खात्याची वार्षिक कर्जपुस्तिका आधी बघा. चिनी कंपनी हाँगकाँगच्या शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तिथली निवेदनं वाचा. हंबनटोटाच्या भाडेपट्ट्याचे बारकावे चायना मर्चंट्स पोर्ट कंपनीने तिथेच गुंतवणूकदारांना कळवले होते. सरकार जनतेला जे सांगत नाही, ते कंपनीला भागधारकांना सांगावं लागतं.

पायरी ६: वापर होतोय का, आणि तो खरा आहे का

मोम्बासा-नैरोबी रेल्वे मे २०१७ मध्ये सुरू झाली. प्रवाशांना ती आवडली, गाड्या भरून धावल्या. पण कर्ज फिटणार होतं मालवाहतुकीवर, आणि व्यापाऱ्यांना ट्रक स्वस्त पडत होते. मग सरकारने आयातीचे कंटेनर रेल्वेनेच नैरोबीच्या डेपोत नेण्याची सक्ती केली. आकडे सुधारले, मोम्बासातले ट्रकवाले आणि गोदामवाले मात्र बसले. २०२२ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांनी ही सक्ती उठवली. म्हणून मालाचे टन मोजताना विचारा: हा माल स्वखुशीने आलाय का?

पाकिस्तानात याचं वेगळं रूप दिसतं. चिनी वीजकेंद्रांना क्षमतेचे पैसे ठरलेले. वीज उचला वा न उचला, बिल द्यायचं, तेही डॉलरशी जोडलेल्या परताव्याने. लोडशेडिंग कमी झालं, हे नाकारता येणार नाही. वीजबिल मात्र भडकलं.

लाओसची रेल्वे डिसेंबर २०२१ पासून चीनच्या सीमेवरून व्हिएंतियानपर्यंत धावते. खर्च ५.९ अब्ज डॉलर, भागीदारी चीन ७०, लाओस ३०. वापर चांगला आहे. ताण आहे तो देशाच्या एकूण देण्यांचा.

पायरी ७: बाकीचं कर्ज कुणाचं?

आता हंबनटोटाचा शेवटचा धागा. २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्षे हरले, सिरिसेना-विक्रमसिंघे सरकार आलं. तिजोरीत डॉलर नव्हते. हे डॉलर कुणाला द्यायचे होते? मुख्यतः त्या आंतरराष्ट्रीय रोख्यांच्या धारकांना. जागतिक बँकेच्या कर्जविषयक सांख्यिकीत देशानुसार आणि सावकारानुसार तक्ते मिळतात. ते उघडलेत की दिसतं, त्या काळात श्रीलंकेच्या परकीय कर्जात बाजारातल्या रोख्यांचा वाटा चीनपेक्षा कितीतरी मोठा होता.

मग सरकारने तोट्यातलं बंदर भाड्याने द्यायचं ठरवलं. चायना मर्चंट्सने १.१२ अब्ज डॉलर मोजले, एकूण ७० टक्क्यांच्या आसपास हिस्सा घेतला. या पैशातून बंदराचं कर्ज फेडलं गेलं नाही. डॉलर परकीय चलनाच्या साठ्यात गेले, आणि एक्झिम बँकेचं कर्ज श्रीलंकेच्या सरकारी खात्यावर तसंच राहिलं. बंदर गेलं आणि कर्जही उरलं! जप्तीच्या गोष्टीपेक्षा ही हकिगत जास्त वाईट आहे असं माझं मत आहे, फक्त तिचा खलनायक एकटा बीजिंगमध्ये बसत नाही. स्वतःच्याच जिल्ह्यात बंदर, शेजारी मत्तलाचा विमानतळ, तोही एक्झिमच्याच पैशाने, हे राजपक्षेंचं राजकारण होतं. रोख्यांवर रोखे काढणं हे कोलंबोतल्या एकापाठोपाठ एक सगळ्या सरकारांचं.

सुरक्षेचा प्रश्न वेगळा, तो खोटा नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये भारताचा आक्षेप असताना युआन वांग ५ हे उपग्रह-क्षेपणास्त्रांचा माग काढणारं चिनी जहाज हंबनटोटाला लागलं. पण ती चिंता भाडेपट्ट्यातून येते. कर्जाच्या रकान्यात घालून दोन्हींची गल्लत करू नका.

पायरी ८: हप्ता अडला की काय होतं

चिनी बँका मुद्दल सोडायला सहसा तयार नसतात. मुदत वाढवून देतात. इथिओपियाच्या अदिस अबाबा-जिबुती रेल्वेच्या कर्जाची मुदत २०१८ मध्ये १० वर्षांवरून ३० वर्षं झाली. झांबियाने नोव्हेंबर २०२० मध्ये हात वर केले; सरकारी सावकारांशी समझोता व्हायला जून २०२३ उजाडला. ६.३ अब्ज डॉलरपैकी सुमारे ४.१ अब्ज एकट्या एक्झिम बँकेचे होते. परतफेड २०४३ पर्यंत लांबली, २०३७ पर्यंत व्याज १ टक्का. अटी वाईट नाहीत, पण मधली अडीच वर्षं देशाला बाजारातून नवं कर्ज जवळजवळ मिळतच नव्हतं. हा उशीरही खर्चातच धरा. श्रीलंकेने एप्रिल २०२२ मध्ये परतफेड थांबवली, तेव्हा भारत, जपान आणि फ्रान्स सावकार देशांच्या एका समितीत बसले आणि चीनने वेगळी चूल मांडली: एक्झिमने ऑक्टोबर २०२३ मध्ये ४.२ अब्जांवर स्वतंत्र तडजोड केली, समितीचा ५.८ अब्जांचा करार जून २०२४ मध्ये झाला.

सध्या नजर ठेवावी अशी घडामोड केनियातली आहे. २०२५ मध्ये त्या सरकारने रेल्वेची डॉलरमधली कर्जं युआनमध्ये बदलून घेतली आणि वर्षाला सुमारे २१.५ कोटी डॉलर वाचतील असं सांगितलं. युआनवरचं व्याज डॉलरपेक्षा कमी असल्यामुळे ही बचत होते. पण तिसऱ्या पायरीवरचा चलनाचा रकाना आता नव्याने भरायला हवा. केनिया चीनकडून जेवढं विकत घेतो, त्याच्या तुलनेत चीनला विकतो ते अगदी किरकोळ. युआन कमावण्याचा स्वतःचा रस्ता अरुंद आहे. हप्त्याच्या तारखेला ते बहुधा डॉलर मोडूनच घ्यावे लागतील.